निर्लेखित

आमचं ऑफिस दोन मजल्यांवरून एका मजल्यावर आणायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे एक एक्सेल शीट आली. मी बॅकएंडवर काम करते. फर्निचरशी माझा संबंध त्यावर बसण्यापुरता. पण शिफ्टिंगच्या कमिटीत प्रत्येक टीममधला एक जण हवा होता आणि त्या दिवशी मीटिंगला मी उशिरा पोचले. उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात काय पडतं हे आयटीवाल्यांना सांगायला नको.

शीटमध्ये ४१२ ओळी होत्या. वस्तू, टॅग क्रमांक, खरेदीचं वर्ष, आजची पुस्तकी किंमत असे रकाने भरलेले आणि शेवटचा रकाना रिकामा. तिथे ड्रॉपडाउनमधून चारपैकी एक पर्याय निवडायचा: नेणे, विकणे, देणगी, भंगार. कंपनी कायद्याच्या हिशेबात फर्निचरचं आयुष्य १० वर्षं धरतात. आमची बरीचशी टेबलं त्याहून जुनी, त्यामुळे किमतीच्या रकान्यात नाममात्र आकडे. कॉम्प्युटर काढून टाकायचा तर ई-कचऱ्याचे नियम आहेत, नोंदणीकृत रिसायकलर लागतो. खुर्चीचं तसं नाही. ज्याच्या हातात माउस, त्याने ठरवायचं.

पहिल्या संध्याकाळी मी दीडशे ओळी उरकल्या. सुरुवातीला जागेवर जाऊन वस्तू बघत होते. चाळिसाव्या ओळीनंतर बघणं सोडून दिलं आणि वर्षावरून ठरवायला लागले. २०१२ च्या आधीचं असेल तर भंगार. फॉर्म्युला टाकून खाली ओढला की झालं.

त्याच रात्री फोनवर स्क्रोल करताना एका परदेशी लिलावाच्या पानावर एका खुर्चीचा फोटो दिसला. सागवानी, बैठक आणि पाठ वेताने विणलेली, पाय कंपासासारखे फाकलेले. ही आपण कुठेतरी पाहिली आहे असंच पहिल्यांदा वाटलं. जुन्या सरकारी ऑफिसात, साहेबांच्या केबिनबाहेर किंवा एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात असते तशी. अंदाजे किंमत मात्र रुपयांत मोजली तर कित्येक लाख होत होती. फोटो पुढे सरकवत गेले तर एकात फक्त लाकडाची कड होती, अगदी जवळून घेतलेली. त्यावर पांढऱ्या रंगात, जरा ओघळलेल्या अक्षरांत, खात्याची आद्याक्षरं आणि एक आकडा लिहिलेला.

टॅग क्रमांक. माझ्या शीटमधल्या दुसऱ्या रकान्यासारखाच.

खुर्ची चंदिगढची होती. त्यानंतरचे तीन आठवडे मी दिवसा आमच्या ऑफिसातलं फर्निचर मार्गी लावत होते आणि रात्री चंदिगढच्या फर्निचरचं काय झालं ते वाचत होते.

या गोष्टीची सुरुवातही ऑफिस हलवण्यातूनच होते. १९४७ ला पंजाबची फाळणी झाली आणि राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. देशाची वाटणी करायची म्हणजे नकाशावर रेघ मारून भागत नाही, सरकार नावाची वस्तूही वाटावी लागते. रोख शिलकीतला साडेसतरा टक्के वाटा पाकिस्तानचा ठरला. मग कचेऱ्यांमधल्या टेबल-खुर्च्या, कपाटं, टाइपरायटर मोजायला माणसं बसली. बाहेर कत्तली चालल्या होत्या आणि आत कारकून खुर्च्यांच्या याद्या करत होते. मला हे दृश्य विनोदी वाटत नाही. यादी हातात असली की हात थरथरत नाहीत, हे आता मला थोडंफार कळतं.

भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबचं सरकार आधी सिमल्यात थाटलं गेलं. तिथून कायमचं कुठे जायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे चंदिगढ. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या दोघांनी केला होता. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेला आणि नव्याने शोधाशोध झाली. त्यातून ल कॉर्ब्युझिए आला, सोबत मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे इंग्रज जोडपं, आणि कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर झानरे. ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या राजधानीचं उद्घाटन झालं. लाहोर, सिमला, चंदिगढ. सहा वर्षांत एका सरकारने दोनदा बिऱ्हाड हलवलं.

कॉर्ब्युझिएचं नाव मोठं, पण तो वर्षातून दोनदा यायचा, महिनाभर राहायचा आणि जायचा. मागे राहायचा झानरे. १९५१ पासून १९६५ पर्यंत तो तिथेच राहिला, साइटवर फिरला, भारतीय तरुण वास्तुविशारदांची फळी त्याच्या हाताखाली तयार झाली. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असा एक जण असतो. डेमो दुसरा कुणीतरी देतो, प्रॉडक्शन हा सांभाळतो. १९६७ मध्ये तो जिनिव्हात वारला. त्याची इच्छा होती म्हणून त्याची रक्षा पुढे चंदिगढच्या सुखना तलावात विसर्जित केली गेली.

शहर उभं राहत होतं तेव्हा एक साधा प्रश्न होता. सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, कॉलेजं, ग्रंथालयं, आमदार निवास एवढ्या सगळ्यांत बसायचं कशावर? पैसा बेताचा, यंत्रं कमी, सुतार मात्र होते. म्हणून फर्निचर असं आखलं की साध्या हत्यारांनी कोणत्याही कारखान्यात करता यावं. सागवान घेतलं, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि दमट हवेत ते वाकत नाही. पाठीला आणि बैठकीला वेत, कारण जूनमधल्या चंदिगढमध्ये घामेजलेल्या पाठीला वारा लागला पाहिजे. पाय उलट्या व्ही आकाराचे, म्हणजे कमी लाकडात जास्त मजबुती. न्यायाधीशांना चामड्याची गादी, कारकुनाला वेत. लोकशाही आली तरी खुर्चीची उतरंड राहिलीच.

या कामात युली चौधरी नावाची वास्तुविशारद झानरेसोबत होती. फर्निचरच्या आरेखनात तिचा हात होता. पुढे ती चंदिगढ, हरियाणा आणि पंजाब या तिन्ही ठिकाणी मुख्य वास्तुविशारद झाली. लिलावाच्या यादीत मात्र नाव येतं ते बहुतेक वेळा एकट्या झानरेचं. ज्यांनी रंधा मारला त्या सुतारांचं तर येतच नाही. एकच आराखडा वेगवेगळ्या कारखान्यांत गेला, त्यामुळे एका खुर्चीचा हात दुसरीपेक्षा जरा जाड असतो, कुठे उतार कमी-जास्त असतो. आज जाणकार या फरकांवरून तास-तास बोलतात. तेव्हा तो फक्त फरक होता.

खुर्च्या हजारोंनी झाल्या. प्रत्येक खात्याने आपापल्या खुर्चीवर रंगाने आद्याक्षरं आणि क्रमांक घातला, म्हणजे ती दुसऱ्या खात्यात जाऊन बसायला नको.

हे सगळं वाचत होते तेव्हा मी बाबांना फोन केला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खुर्चीवर नंबर का घालतात हे मी त्यांना विचारलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, डेडस्टॉक रजिस्टर! जडसंग्रह नोंदवही. दरवर्षी मोजायला लागायचं. खुर्चीचा नंबर आणि वहीतला नंबर जुळला की आपण सुटलो." आणि खुर्ची मोडली तर? "मग निर्लेखन. निरुपयोगी झाली असा कागद करायचा, वरून मंजुरी आणायची, लिलाव लावायचा आणि आलेले पैसे चलनाने भरायचे. तोवर मोडकी खुर्ची सांभाळून ठेवायची. मोडक्या खुर्चीला जागा लागते आणि नसलेल्या खुर्चीला कागद लागतो."

'निर्लेखन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. वहीतून लिहिलेलं काढणं. वस्तू तिथेच असते, फक्त तिच्याबद्दलचं लिखाण संपतं.

चंदिगढमध्ये नेमकं हेच झालं. १९६६ मध्ये हरियाणा वेगळा झाला, शहर केंद्रशासित झालं, एकाच संकुलात तीन-तीन सरकारांचा कारभार सुरू झाला आणि फर्निचर तिघांत पसरलं. पुढच्या वीस-तीस वर्षांत वेत उसवला, सांधे हलले. वेत विणून घेण्यापेक्षा नवी गादीची खुर्ची मागवणं सोपं होतं, शिवाय साहेबालाही नवं हवं असतं. स्टील आलं, फोम आला, रेक्झिन आलं. जुनं सागवान आधी कोपऱ्यात गेलं, मग व्हरांड्यात, मग गच्चीवर. तिथे पावसात रास पडून राहिली. मग एकेक खातं निर्लेखन करत गेलं आणि लिलाव लावत गेलं. भंगारवाले यायचे आणि ढिगाने उचलायचे. काही लाकूड पुन्हा वापरात गेलं, काही चुलीत गेलं.

यात कुणी चोरी केली नाही. कुणाचं चुकलं असंही वहीत सापडणार नाही. प्रत्येक कागदावर सही होती.

एकविसावं शतक सुरू होता-होता पॅरिसचे काही व्यापारी चंदिगढला यायला लागले. झानरेचं नाव त्यांना ठाऊक होतं. सरकारी लिलावांत आणि भंगारवाल्यांकडे त्यांनी खुर्च्या, टेबलं, बाकं विकत घेतली आणि कंटेनर भरून युरोपात नेली. तिथे त्या मोकळ्या केल्या, लाकूड घासून पॉलिश केलं, वेत नव्याने विणला, गाद्यांना नवं कापड चढवलं. मग प्रदर्शनं, जाडजूड पुस्तकं, नंतर न्यूयॉर्क, लंडन, पॅरिसचे लिलाव. चंदिगढच्या रस्त्यांवरची गटारांची बिडाची झाकणंसुद्धा विकली गेली, कारण त्यांच्यावर शहराचा नकाशा कोरलेला आहे. हॉलिवूडमधल्या घरांच्या फोटोंत जेवणाच्या टेबलाभोवती या खुर्च्या दिसायला लागल्या.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ मध्ये यावर 'प्रोव्हेनन्स' नावाची फिल्म केली. ती उलट्या दिशेने जाते. सुरुवातीला श्रीमंतांची घरं, मग लिलाव, मग दुरुस्तीचे कारखाने, मग बंदर आणि जहाज, आणि शेवटी चंदिगढ, जिथे कचेऱ्यांत त्याच घडणीच्या खुर्च्या कशाही पडलेल्या आहेत. निवेदन नाही. गिट लॉग वाचावा तशी ती बघता येते, शेवटच्या कमिटपासून पहिल्याकडे. मग सीगलने ही फिल्मसुद्धा लंडनमध्ये लिलावात विकली आणि त्या लिलावाचीही एक फिल्म केली. गंमत म्हणून नाही. बाजार काहीही गिळतो हे तिला दाखवायचं असावं.

माझ्या डोक्यात मात्र ती पांढरी अक्षरं अडकून राहिली होती. बाजारात नकली खुर्च्या आल्यावर खरी कशी ओळखायची हा प्रश्न आला, आणि त्याचं एक उत्तर म्हणजे ती अक्षरं. कुण्या कारकुनाने वर्षअखेरीची मोजणी सोपी जावी म्हणून टाकलेला आकडा आता खरेपणाचा पुरावा झाला. दुरुस्ती करणारे बाकी लाकूड घासतात आणि तेवढा तुकडा जपून ठेवतात. वहीने ज्या खुर्चीला बेवारस केलं, तिची वंशावळ त्याच वहीच्या आकड्याने सिद्ध होते.

व्यापाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही नसतो आलो तर हे सगळं जळालं असतं किंवा कुजलं असतं. हे मला पूर्णपणे खोडता येत नाही. गच्चीवर पावसात कुजणाऱ्या खुर्चीला वारसा म्हणायला भारतात तेव्हा फारसं कुणी तयार नव्हतं, आणि त्यांनी रीतसर पावती फाडून माल नेला. पण ही अर्धी बाजू झाली. किंमत काय आहे हे व्यवहारातल्या एकाच बाजूला माहीत असेल आणि दुसरी बाजू लाकडाच्या वजनाने विकत असेल, तर पावतीने तो व्यवहार कायदेशीर होतो एवढंच. आणि वाचवणं म्हणजे ज्यांची खुर्ची आहे त्यांना तिची किंमत सांगणंही असू शकलं असतं. ते सांगितलं असतं तर धंदा झाला नसता, हे उघड आहे.

शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदिगढच्या या वारसा फर्निचरची विक्री थांबवण्याचा आदेश काढला. मोजणी झाली आणि १२,००० हून अधिक वस्तूंची यादी झाली. परत यादीच, पण या वेळी ठेवण्यासाठी. परदेशात गेलेलं मात्र परत आणता येईना. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू पुरावस्तू ठरायला साधारणपणे १०० वर्षं जुनी लागते. १९५५ ची खुर्ची म्हणजे त्या कायद्याच्या दृष्टीने अजून पोरच. चंदिगढची मंडळी परदेशी लिलावांना हरकत घेत राहतात आणि लिलाव होत राहतात. २०१६ मध्ये तिथलं कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, पण जपलेल्या खुर्च्या कुठल्या तरी गच्चीवर धूळ खात असल्याच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत येतच राहिल्या. वस्तू वारसा झाली की ती विकता येत नाही आणि हात लावायचीही भीती. मग ती तशीच पडून राहते. काही ऑफिसांत आणि कॉलेजांत मात्र आजही लोक त्यांच्यावर बसतात, आणि मला वाटतं खुर्चीचं त्यातल्या त्यात बरं तिथेच चाललं आहे.

आता आमच्या ऑफिसबद्दल. तिथल्या टेबलांना उद्या पॅरिसहून कुणी न्यायला येणार नाही. ती पार्टिकल बोर्डची होती: लाकडाचा भुसा, गोंद आणि वरून लॅमिनेट. एकदा पाणी लागलं की फुगतं, स्क्रू काढला की भोक परत धरत नाही. झानरेची खुर्ची उसवून पुन्हा विणता येते. आमचं टेबल उसवलं की संपलंच. ते जाळू नये, कारण गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं, आणि लॅमिनेट चिकटलेलं असल्यामुळे धड रिसायकलही होत नाही. भंगारवाले काका म्हणाले, "ताई, पाय लोखंडाचे आहेत म्हणून नेतो. फळी तुम्हीच ठेवा." फळी नेण्यासाठी उलटे आम्हीच पैसे दिले.

फॉर्म्युला मी पुसून टाकला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, जागेवर जाऊन, वस्तू बघत रकाना भरला. त्यात आठ दिवस गेले. मॅनेजरने स्टँडअपला दोनदा विचारलं, अजून फर्निचरच का? एका जिल्हा परिषद शाळेला चाकांच्या खुर्च्या देऊ केल्या तर तिथले सर म्हणाले, "मॅडम, चाकांवर पोरं गाड्या खेळतील. कपाटं असतील तर द्या." कपाटं दिली. खुर्च्यांना गिऱ्हाईक मिळालं सदाशिव पेठेत. एका अभ्यासिकेचे मालक आले, एकेका खुर्चीवर बसून बघितलं, वर-खाली करून बघितलं, आणि त्यांनी साठ खुर्च्या निवडल्या. आता त्यांवर एमपीएससीची पोरं दहा-दहा तास बसतात. टेक लीडची खुर्ची कुणाला मिळाली असेल हा विचार मला अधूनमधून येतो.

एक ओळ मात्र राहिली. 'टेबल, लाकडी, जुने – १'. टॅग नव्हता. कंपनी छोट्या जागेत होती तेव्हा कुण्या सुताराकडून करून घेतलेलं, पँट्रीच्या मागच्या खोलीत होतं. पहिल्या संध्याकाळच्या फॉर्म्युल्यात ते भंगार झालं होतं. दुसऱ्या फेरीत मी मागच्या खोलीत गेलेच नाही.

ट्रक भरायच्या दिवशी हाउसकीपिंगच्या मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, ते टेबल नेऊ का मी? नऊ वर्षं त्याच्यावर डबा खाल्लाय." मी फायनान्सला फोन लावला. उत्तर आलं की यादी मंजूर झाली आहे आणि वस्तू द्यायचीच तर कंपनीच्या कर्मचाऱ्याला देता येईल. मावशी एजन्सीकडून आहेत, त्यांना देता येणार नाही. बदल करायचा तर नवीन मंजुरी, तीन दिवस. ट्रक खाली उभा होता. मी मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे." आणि टेबलावरचा त्यांचा मिठाचा डबा उचलून घेतला.

दोन आठवड्यांनी विल्हेवाटीचं प्रमाणपत्र आलं. ते माझ्या नावाने आहे, कारण शीट माझी होती. लोखंड अमुक किलो, प्लास्टिक अमुक किलो. टेबलाची वेगळी नोंद नाही. ते 'मिश्र लाकूड' या ओळीत आहे.